शॉकअपपायी अडलेली पंगत

"तुमची गाडी इंजिनावर चालत असेल. माझी शॉकअपवर चालते!"

हे वाक्य गजाननरावांनी जालन्यात भेटेल त्याला ऐकवलं होतं. समोरचा माणूस आदराने दारात उभी असलेली गाडी शोधायला लागायचा, आणि गजाननराव पिशवीत हात घालून ती बाहेर काढायचे!

रिमोटवर चालणारी हातभर लांबीची मोटार होती ती. दुबईतल्या थोरल्या भावाने पाठवलेली. पण खेळण्याच्या दुकानातली नव्हे बरं का, अस्सल शर्यतीची! चारी चाकांना वेगवेगळे शॉकअप, एकेक पेनाच्या टोपणाएवढा. त्यात खरंखुरं तेल, वरून स्प्रिंग. पिवळी स्प्रिंग नरम, लाल मध्यम, निळी ताठ. तेलाच्याही बाटल्या, पाण्यासारख्या पातळ ते काकवीसारख्या घट्ट. बियाण्याच्या कंपनीतल्या ऑफिसातून घरी आले की गजाननराव चहा न घेता गच्चीवर जायचे, पालथे पडायचे आणि एक डोळा मिटून गाडीच्या पोटाखालून पलीकडे बघायचे. शेजाऱ्यांना पहिल्यांदा वाटलं, माणूस आजारी आहे. नंतर वाटलं, आजार जुना आहे.

पण काम मात्र अफलातून, हे कुणीही मान्य करावं! गच्चीवर ते फरशीचे तुकडे मांडायचे आणि त्यावरून गाडी सोडायचे. खाली चाकं शिवणयंत्राच्या सुईसारखी वरखाली व्हायची आणि वरची गाडी जागची हलायची नाही. एवढ्यावर समाधान मानतील तर ते गजाननराव कसले! त्यांनी गाडीचं वरचं कवच काढून तिथे पातळ फळी बसवली आणि फळीवर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली. थेंब सांडला की स्प्रिंग बदल. पुन्हा सांडला की तेल बदल. बायको रजनी हातात फडकं घेऊन गाडीच्या मागे मागे चालायची. पुढे पुढे तीच सांगायला लागली, "अहो, मागचं तेल पातळ झालंय, वाटी डुलतेय." शेवटी एका संध्याकाळी गाडीने अख्ख्या गच्चीला फेरी मारली आणि फडकं कोरडं राहिलं. त्या दिवशी रजनीने शिरा केला.

दुखणं एकच होतं, आणि त्याचं नाव काकासाहेब. काकासाहेब म्हणजे रजनीच्या मोठ्या बहिणीचे, पुष्पाबाईंचे यजमान. गाव शहागड, हायवेवर घर, दारात स्वतःचे ट्रक. एका लग्नात भर मांडवात त्यांनी विचारलं होतं, "गजाननराव, आमची गाडी धा चाकी हाय. तुमची पिशवीत मावती म्हन्तेत, खरं हाय का?" मांडव खदखदून हसला. सासरे रामरावही हसले. रजनीने मान खाली घातली ती जालना येईपर्यंत वर केली नाही, आणि हे गजाननरावांना लागलं. स्वतःचं हसू झालेलं त्यांनी सोसलं असतं.

नव्याण्णव साली अधिक महिना ऐन मे महिन्यात आला. जावयांना धोंडे खायला बोलावण्याचा महिना! वाटूरला रामरावांकडे दोन्ही जावई मुक्कामाला आले. ओट्यावर चहा चालला होता. काकासाहेबांनी पिशवीकडे बघून मिशीत हसून विचारलं, "आणली का तुमची गाडी? पार्किंगला जागा गावली ना?"

झालं! गजाननरावांच्या तोंडून शब्द सुटले, "उद्याच्या पंगतीत तूप माझी गाडी वाढील! एक थेंब सांडला, तर गाडी मामांच्या विहिरीत टाकीन!"

रामरावांनी बशी खाली ठेवली.

"बोलले तेच ना, जावईबापू?"

"तेच, मामा."

"बराबर. मंग ठरलं."

"टाकायला मी येतो संगं," काकासाहेब म्हणाले.

आत रजनीच्या हातातून उलथनं पडलं. आता थेंब सांडला तर गाडी जाणारच, पण माहेरच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात 'विहिरीवाले जावई' म्हणून आपल्या नवऱ्याची ओळख होणार, हे तिला तिथल्या तिथे दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळं दृष्ट लागण्यासारखं जुळून आलं. रामरावांच्या नव्या घरात शहाबादी फरशी होती आणि फरशांच्या सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी. गजाननरावांनी पुढे पिवळ्या स्प्रिंगा घातल्या, मागे लाल. तेल मधलं. घरून आणलेली आपली वाटी पाण्याने भरली आणि लांबलचक बैठकीतून गाडी नेऊन आणली. पाणी हललंसुद्धा नाही! रजनी हसली. गजाननराव गाणं गुणगुणत आंघोळीला गेले, आणि तिथेच घात झाला.

कारण सासूबाई झुंबरबाई बैठकीत आल्या आणि त्यांनी ती वाटी बघितली.

"अगं माय! रजे, ही कशाची वाटी?"

"तुपाची. हे यातच..."

"एवढ्याशा वाटीत तूप? जावयाच्या पंगतीत? लोक काय म्हन्तील, रामरावाच्या घरी तूप मापून वाढतेत! बिलकुल चालायचं न्हाई!"

"माय, वजनाचा हिशेब आहे त्यात!"

"तुपाचा कुठं हिशेब असतो का!"

आणि त्यांनी माळ्यावरून आपल्या लग्नातलं पितळी वाडगं काढलं. ते नुसतं उचलायला दोन हात लागायचे. त्यात कढत तूप ओतलं. तेवढ्यात केदारखेड्याहून आलेली रामरावांची बहीण चांगुणाबाई म्हणाली, "नवी गाडी ना? मंग पूजा न करता काहून चालवून राह्यले?" तिने गाडीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा जाडजूड हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बोनेटच्या जागी नारळ मांडला.

गजाननराव नवं धोतर नेसून बाहेर आले तेव्हा पंगत बसली होती. दोन्ही बाजूंना पत्रावळी मांडलेल्या, वरणभात, पुरणाचे धोंडे, भाजी, कुरडया, सगळं वाढून झालेलं. आणि मधोमध त्यांची गाडी, डबक्यात म्हैस बसावी तशी पोटावर बसलेली!

"बसली!" गजाननराव किंचाळले.

"पंगत ना? व्हय, कवाच बसली," सासूबाई म्हणाल्या.

"मामी, गाडी बसली! वाडगं काढा, लहान वाटी द्या!"

सासूबाईंचे डोळे पाण्याने भरले. "जावईबापू, माझ्या घरी येऊन लहान वाटीत तूप खाताल? माझं काय चुकलं?"

यावर कुठल्या जावयाने वाडग्याला हात लावावा? नारळ आणि लिंबू तेवढं चांगुणाबाईंनी कुरकुरत उचलू दिलं. हाराला हात लावू दिला नाही. गजाननरावांनी स्प्रिंगा-तेलाची पेटी आणली, धोतराचा सोगा खोचला आणि फरशीवर पालथे पडले.

आता खरी पंचाईत अशी की, पानावर तूप पडल्याशिवाय पंगतीत कुणी घास उचलत नाही! सगळी पाहुणेमंडळी हात धुऊन, मांडी घालून, वाफाळत्या भाताकडे बघत बसलेली, आणि तूप शॉकअपपायी अडलेलं. मे महिन्याचं ऊन. पंखा आहे, वीज नाही. एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय राह्यलं?"

"मागची स्प्रिंग," कुणीतरी सांगितलं.

"बरं बरं," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा भाताकडे बघायला लागला.

गजाननरावांनी चारी निळ्या स्प्रिंगा चढवल्या. गाडी नखभर उठली. स्प्रिंगांखाली चकत्या सारल्या. आणखी नखभर. तेल काढून सगळ्यात घट्ट बाटलीतलं भरलं. रजनी पाटावर बसून एकेक शॉकअप उभा धरत होती. तिच्या मावश्या बघत होत्या, पण तिची नजर तेलावर होती.

"झाकण लावू?" गजाननराव घाईने म्हणाले.

"थांबा. अजून बुडबुडे आहेत. हवा राहिली तर वाडगं उडेल."

अख्खी पंगत बुडबुडे निघायची वाट बघत थांबली! शेवटी शॉकअप बसवून वाडगं वर ठेवलं, तर गाडी मागून दबलेलीच, आणि याच वेळी एक अघटित घडलं. काकासाहेब भरल्या पानावरून उठले. पुष्पाबाई ओरडल्या, "अहो, पानावरून उठतेत का!" पण ते थेट आले, नव्या धोतरानिशी गजाननरावांच्या शेजारी पालथे पडले आणि एक डोळा मिटून गाडीच्या पोटाखाली बघायला लागले.

"माल मागं हाय," ते म्हणाले. "मागून अजून बसती. ट्रकच्या स्प्रिंगीवानी एक पाटा वाढवा."

"हिला पाटे नसतात."

"मंग?"

गजाननरावांनी मागचा शॉकअप बोटाने दाबून बघितला. मग त्यांनी शॉकअपची वरची टोकं सोडवली आणि बाहेरच्या भोकांत बसवली. तिरपे शॉकअप उभे झाले. "तिरपा असला की नरम पडतो, उभा केला की ताठ. स्प्रिंग तीच, पण जोर जास्त."

वाडगं पुन्हा ठेवलं. हार होताच. गाडी जरा दबली, थबकली आणि ऐटीत उभी राहिली!

"उठली रे उठली!" काकासाहेब ओरडले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, हे रजनीने बरोबर ओळखलं. भुकेल्या पंगतीने टाळ्या वाजवल्या.

गाडी निघाली. एका बाजूने रजनी पळी घेऊन, मागून गजाननराव रिमोट घेऊन. फरशीच्या फटी येत होत्या, चाकं खाली टुकटुक करत होती, आणि वर तूप असं शांत की त्यात छताचा पंखा दिसत होता. पानापानापुढे गाडी थांबायची, रजनी पळीभर तूप वाढायची, माणूस आधी गाडीला नमस्कार करायचा आणि मग घास घ्यायचा. कोपऱ्यावर वळताना तूप काठापर्यंत आलं. सगळ्यांचे घास तोंडाशी थांबले. घट्ट तेलाने आपलं काम केलं, तूप मागे सरलं. एका मावशीने गजाननरावांची दृष्ट काढली.

तेवढ्यात गाडी उडाली! थोडीशीच, पण उडाली. ते सगळ्यांत आधी रजनीच्या लक्षात आलं. वाढून वाढून वाडगं अर्धं झालं होतं. भरल्या वाडग्यासाठी ताठ केलेली गाडी अर्ध्या वाडग्याला कशी ऐकणार? पुढच्याच फटीवर तूप उसळलं असतं, आणि पंगतीच्या टोकाला सासऱ्यांचं पांढरंशुभ्र धोतर वाट बघत होतं!

"मामी, तूप आणा!" गजाननराव ओरडले. "वाडगं भरा! रिकामं ठेवू नका!"

सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते काय सांगावं! आयुष्यात पहिल्यांदा जावयाने तोंडाने तूप मागितलं होतं. त्यांनी किटलीच आणली. मग काय, गाडी चार पानं पुढे जायची आणि काकासाहेब गुडघ्यावर रांगत तिच्या पोटाखाली बघून हुकूम सोडायचे, "माल कमी पडून राह्यला! जल्दी भरा!" किटली झाली, बरणी आली. बरणी झाली, मोठं मडकं आलं. लोकही पेटले. "इकडं एकदा आना गाडी!" "आमच्याकडं ब्रेक लावा!" वैद्यांनी तूप बंद केलेला म्हातारा तीनदा वाढून घेऊन बसला.

शेवटी गाडी रामरावांपुढे थांबली. रामरावांनी वाडग्यात बघितलं. फरशीवर बघितलं. आपल्या धोतरावर बघितलं. कुठेही थेंब नव्हता. रजनीने पळी उचलली, पण ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे," आणि दोन्ही हातांनी वाडगं उचलून त्यांनी सगळं तूप आपल्या धोंड्यांवर ओतलं.

पंगत उठली. उरलेल्यांच्या पंगतीत गजाननराव आणि रजनी बसले. अधिकातला जावई म्हणून त्यांना चांदीचं ताट, भोवती रांगोळी, समोर उदबत्ती. सासूबाई धोंडे घेऊन आल्या आणि पदराने डोळे पुसत तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं, मामी?"

"घरात तूप न्हाई हो, जावईबापू! मडकंबी खरडलं. आता शेजारी मागायला जावं, तर गावभर होईल, जावयाच्या धोंड्याला तूप सरलं म्हणून!"

"राहू द्या, मामी. मला तसं कोरडंच आवडतं," गजाननराव म्हणाले. तुपाशिवाय धोंडा घशाखाली ढकलणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. रजनीने हसू दाबत त्यांच्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला. तिची मान वर होती.

तेवढ्यात रामराव मिशा पुसत आत आले. मागे काकासाहेब, गाडी दोन्ही हातांत तान्ह्या लेकरासारखी धरून. रामराव ताटासमोर उभे राहिले आणि एवढ्या वर्षांत कधी बोलले नव्हते ते सगळ्यांदेखत बोलले.

"शाब्बास, जावईबापू! म्या जावई लई पाह्यले. पर असा वाढपी जन्मात पाह्यला न्हाई! दिवाळीनंतर पुतणीचं लगीन हाय. तुम्ही यायचंच. बसायला न्हाई, वाढायला!"

गजाननरावांचा ऊर भरून आला. 'शाब्बास' त्यांनी कानभर ऐकलं, मान डोलवली, पुढचा घास तोंडात घातला आणि मग, तो गिळता गिळता, मामा आपल्याला नक्की काय म्हणाले ते त्यांच्या ध्यानात आलं.