पुंजाजींचं मौन

गोरेगावात मंदी आली ती पुंजाजींच्या तोंडून. पेपरात बातमी वाचल्यापासून चहाच्या हॉटेलात, एसटीच्या थांब्यावर, कुणाच्या तेराव्यालासुद्धा ते दिल्लीला धारेवर धरत.

“गाडीला डायवरच न्हाई! मंग खड्ड्यात न्हाई जानार तं काय देवळात जानार?”

आणि आज त्यांच्या लेकीला, दीपमालेला पाहायला सोनाजी येणार होते, म्हणजे साक्षात सत्ताधारी पक्षाचे तालुका अध्यक्ष. त्यांचा मुलगा हरीश पुण्याला कंपनीत. याआधीची दोन स्थळं पुंजाजींचं भाषण ऐकून चहा न घेताच उठली होती.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. घट मांडून झाल्यावर चंद्रभागाबाईंनी नवऱ्याच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं.

“दिवे लागेस्तोवर मौन. सोडा पानी.”

“अन् त्यानं सरकारचं कौतुक केलं तं?”

“सोडा म्हन्ते न!”

पाणी सुटलं. व्रत घेतलंय हे बाहेर सांगायचं नाही, सांगितलं की फळ जातं, अशी त्या घरची रीत.

सोनाजी हरीशला घेऊन आले. दीपमाला पाटावर बसून, नाव-शिक्षण सांगून आत गेली. मग सोनाजी ऐसपैस टेकले.

“लोक उगंच मंदी मंदी बोंबलून राहिले, पुंजाजी. कुठं हाय मंदी? आपलं नेतृत्व खंबीर हाय!”

पुंजाजींच्या मानेची शीर तटतटली. त्यांनी पोह्यांचा बकाणा भरला.

“काहून? पटलं न्हाई का?”

घसा बसलाय म्हणावं, असं चंद्रभागाबाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण उपासाच्या दिवशी खोटं कसं बोलायचं? त्या हळूच म्हणाल्या, “ते आज काई बोलनार न्हाईत.”

सोनाजींच्या हातातली बशी थबकली. “काई कानावर आलं का तुमच्या?”

पुंजाजी एकटक बघत राहिले. दुसरं काय करणार?

“नाक्यावरच्या ग्यारेजवाल्या धर्मसिंगनं सांगतलं न? बरं बाप्पा, ऐका मंग! पोराला कंपनीनं दिवाळीतच काढलं. मी गावोगाव सांगत फिरतो, मंदी न्हाई. अन् मंदी घरात खाटंवर झोपेल हाय! दिल्लीत एकाला धड निर्णय घेता येत न्हाई. कोनी पुढं व्हऊन चार शब्द बोलत न्हाई लोकाईसंग!”

अरे, ही तर पुंजाजींचीच वाक्यं! आणि त्यांना साधं ‘बराबर’ म्हणायची सोय नव्हती. ते नुसते मांडीवर थापा मारत होते.

“झोपून कुठं हाय मी, बाबा?” हरीश म्हणाला. “नाक्यावर मोटारी दुरुस्त करतो न.”

दाराआडून दीपमालेचा आवाज आला, “आये, आपली बी मोटर तीन दिसांपासून बंद हाय.”

लेकीनं होकार दिला, हे चंद्रभागाबाईंना कळलं. ते सोनाजींनाही कळलं असावं. त्यांनी पुंजाजींचे दोन्ही हात धरले.

“आमाला पसंत हाय. पन मी काय बोललो ते पक्षात कळलं तं माझी खुर्ची गेली! मला असाच सोयरा पायजे होता, पोटात ठेवनारा. वैशाखात बार उडवू.”

पाहुण्यांची जीप धुरळा उडवत गेली. देवापुढं दिवा लागला. पुंजाजी लगबगीनं ओट्यावर आले, खाकरले, समोरून चाललेल्या माणसाला त्यांनी हात केला आणि तोंड उघडलं.

“अहो,” मागून चंद्रभागाबाई शांतपणे म्हणाल्या, “आता वैशाखापर्यंत असंच.”

पुंजाजींनी बोटांवर महिने मोजले. पौष, माघ, फाल्गुन... चैत्रावर बोट अडलं. चैत्रात इलेक्शन होतं.

मंदीनं इतके दिवस त्यांचा नुसता आवाज चढला होता. डोळ्यांत पाणी आज पहिल्यांदा आलं.