उपवासाला मॉन्टरे जॅक

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी स्नेहमंडळाची अंगारकी चतुर्थी यंदा शनिवारी आली. पंचांगात ती मंगळवारी होती. पण मंगळवारी सगळ्यांना ऑफिस असल्यामुळे कार्यकारिणीने ठराव करून ती चार दिवस पुढे ढकलली. ठराव एकमताने मंजूर झाला. चंद्राला तसं कळवावं, अशी सूचना कुणी मांडली नाही. मंडळाचा कार्यवाह या नात्याने इतिवृत्त मीच लिहितो, तेव्हा पुढचं सगळं नोंदींना धरून आहे.

उपवासाच्या फराळाचं काम मंजुषाताईंकडे होतं. ताई मूळच्या नागपूरच्या. चौदा वर्षं मंडळाच्या गणपतीचा नैवेद्य त्यांच्या हातचा असतो, एकशे एक उकडीचे मोदक, आणि उरलेलं वर्ष त्या त्याच दिवसाची वाट बघतात. त्या शनिवारी साबुदाण्याच्या खिचडीपाशी मुलांची रांग थांबली. कार्यकारिणीतल्या नेत्राची तेरा वर्षांची मुलगी अनिका म्हणाली, "आय अ‍ॅम नॉट ईटिंग दॅट. इट लुक्स लाइक फ्रॉग एग्ज." ऐंशी माणसांची खिचडी वाया जायची वेळ आली. ताईंनी हॉलच्या फ्रिजमधून मॉन्टरे जॅकचा ब्लॉक काढला आणि गरम खिचडीवर किसला.

मॉन्टरे जॅक म्हणजे गाईच्या दुधाचं, पांढरट, सौम्य, लगेच वितळणारं अमेरिकन चीज. त्याला स्वतःचं असं ठाम मत नसतं. टोस्टवर घाला, डोशात घाला, पावभाजीत घाला, ते तिथलंच होऊन राहतं. इमिग्रेशनच्या नियमात बसणारं याच्याइतकं दुसरं चीज नाही, म्हणून आमच्या प्रत्येकाच्या फ्रिजमध्ये ते असतंच. मुलं खिचडीवर तुटून पडली. मग मुलांनी टाकलेलं संपवायला आईवडील आले, आणि मुलांनी काहीच टाकलेलं नाही हे कळल्यावर स्वतंत्र प्लेट घेऊन आले. मी तीनदा घेतली.

नेत्राने आपल्या प्लेटमधून निघालेल्या चीजच्या हातभर तारेचा फोटो काढून स्टेटसला टाकला. दहा मिनिटांत पुण्याहून तिच्या नणंदेचा मेसेज आला, "उपवासाला चीज?" संध्याकाळी नेत्राची लेखी तक्रार माझ्याकडे होती.

"संग्राम, मला कुणाला टार्गेट करायचं नाहीये यार," ती म्हणाली. "पण प्रिन्सिपलचा प्रश्न आहे."

"तू किती घेतलीस?"

"तो वेगळा विषय आहे."

अध्यक्ष सुशांतकाकांनी तीन सदस्यांची 'उपवास पात्रता निर्धारण उपसमिती' नेमली: काका, नेत्रा आणि मी. चौकशी पूर्ण होईपर्यंत मंजुषाताईंना स्वयंपाकघरापासून दूर ठेवण्यात आलं. गणपतीचा नैवेद्यही त्यातच आला. मी फोन केला तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "पण मोदक कोण करेल रे?" मला फार वाईट वाटलं. पण कार्यवाहाच्या वाईट वाटण्याची नोंद इतिवृत्तात घेता येत नाही.

पहिल्या बैठकीत व्हिडिओ कॉलवर गुरुजींचं मत घेतलं. त्यांनी विचारलं, "गाय देशी आहे का?"

"गाय इथलीच आहे गुरुजी, विस्कॉन्सिनची," काका म्हणाले. "म्हणजे तिच्यासाठी देशीच. व्हिसावर आम्ही आहोत."

दुसऱ्या बैठकीत नेत्राने पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. चीज सूक्ष्मजीवांच्या एन्झाइमने बनवलं होतं. सूक्ष्मजीव हे जीवच, म्हणून हरकत. तेवढ्यात दह्यातही सूक्ष्मजीव असतात, हे माझ्या लक्षात आलं. दही गेलं तर काकडीची कोशिंबीर जाते. कोशिंबीर काकांना फार आवडते, त्यामुळे मुद्दा मागे घेण्यात आला.

तिसऱ्या बैठकीला साक्षीदार म्हणून अनिका आली. तिने फोनवर काहीतरी वाचलं आणि म्हणाली, "काका, पोटॅटो, पीनट, चिली, ईव्हन द टॅपिओका इन युअर साबुदाणा, दे ऑल केम फ्रॉम द अमेरिकाज. सो युअर होल फास्ट इज अमेरिकन?" काकांनी निर्णय दिला की बटाट्याला केव्हाच सिटिझनशिप मिळालेली आहे आणि जुनी प्रकरणं उकरून काढू नयेत.

प्रत्यक्ष पडताळणीशिवाय निष्कर्ष काढणं योग्य नव्हतं. म्हणून चार बैठकांत उपसमितीने मॉन्टरे जॅक थालीपिठावर, रताळ्याच्या किसावर, बटाट्याच्या पॅटिसमध्ये, वऱ्याच्या धिरड्यात आणि सफरचंदाच्या फोडींबरोबर तपासलं. एकूण साडेनऊ पौंड लागलं. शेवटी चीजला चव जवळजवळ नसल्यामुळे त्याने उपवास मोडत नाही, असा निष्कर्ष निघाला.

हा निर्णय पुढच्या चतुर्थीपासून लागू होणार होता. त्या शनिवारी ज्यांनी खाल्लं त्यांचं काय, हा पेच उरला. काकांनी फॉर्म तयार केला. वर 'आपण किती खाल्लं?' असा रकाना आणि खाली मजकूर: 'सदर पदार्थावरील पांढरा कीस मी ओला नारळ समजून सद्भावनेने खाल्ला.' नारळाला तार सुटते का, असं कुणीही विचारलं नाही. एकोणऐंशी जणांनी सह्या केल्या. मीही केली. सगळे निर्दोष सुटले.

राहिल्या एकट्या मंजुषाताई. किसणाऱ्याला नारळ समजायची सोय नव्हती. त्यांना नैवेद्याच्या कामातून कायमचं मुक्त करण्यात आलं.

फाइल बंद करताना त्यांनीही भरून पाठवलेला फॉर्म हाती आला. तो कुणी उघडलाच नव्हता. 'आपण किती खाल्लं?' या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'काही नाही. माझा उपवास होता. मंगळवारीही होता.'

मी तो कागद घेऊन तडक काकांकडे गेलो. म्हटलं, "काका, त्या दिवशी ऐंशी माणसांत उपवास फक्त ताईंनी केला होता."

काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "बघ, तिने चाखलंसुद्धा नाही," ते म्हणाले. "न चाखता वाढलं. हे तर आणखी गंभीर आहे."

मी तो कागद परत फाइलमध्ये लावला. गणपतीला यंदा दुकानातले फ्रोझन मोदक आणले. ते वाफवताना फुटले, आणि ताई मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत आरती म्हणत होत्या.

ही हकिकत मी आतापर्यंत बऱ्याच जणांना वाचायला दिली. ताई पुन्हा मोदक करतील का, असं एकानेही विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं ते हेच, की म्हणजे उपवासाला चीज नक्की चालतं ना?

चालतं. तुम्हीही निश्चिंत असा.