बगळ्याने पाठ फिरवली

"फ्रान्सच्या बरोबर मध्यभागी एक मेंदू आहे, आणि तो माझ्या टोपीखाली आहे," असं माझा नवरा इपोलित येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. टोपी मी धुते, त्यामुळे तिच्याखाली काय आहे याची मला चांगली कल्पना आहे.

आमच्या ओब्युसाँ गावच्या पोस्टात तो हयातभर शिक्के मारत होता. निवृत्त झाल्यावर मारायला शिक्के उरले नाहीत, म्हणून थापा मारू लागला. दारावर पाटी लावली: 'इपोलित लाबोर्द, गुप्तहेर'. गुप्त राहायचं तर अक्षरं जरा बारीक काढ, असं मी सुचवलं. त्याने ती सोनेरी काढली. मी त्याची सहायक. पगार नाही, रजा नाही, आणि साहेब रात्री घोरतात.

त्या मंगळवारी ओनोरीन शामर प्रवासाचा कोट घालूनच आमच्या दारात उभी राहिली. ही आमच्या शेजारच्या दोघी बहिणींतली थोरली. दोघींची लग्नं झाली नाहीत, आणि जन्मापासून दोघी एकाच घरात.

"मस्यू लाबोर्द, माझा बगळा चोरीला गेलाय. दुपारच्या गाडीने मी लिमोजला मावसबहिणीकडे चाललेय. कायमची. जाण्याआधी माझी बहीण चोर आहे एवढं सिद्ध करून द्या."

इपोलितच्या चेहऱ्यावर दिवाळी.

हा बगळा म्हणजे पक्षी नव्हे. शामरांच्या घरी शेकोटीसमोर पणजीच्या वेळच्या दोन खुर्च्या आहेत, पाठीला हातमागावरची टॅपेस्ट्री लावलेल्या. ओनोरीनच्या खुर्चीवर बगळा, धाकट्या सिडोनीच्या खुर्चीवर बदक, आणि दोघांच्या चोची एकमेकांकडे. आमचं अख्खं गाव असली चित्रं विणतं, पण ती जातात दुसऱ्यांच्या घरी. मी शामरांकडे कॉफीला जाते ती खरं तर त्या खुर्च्यांसाठी. त्या जुन्या लोकरीवरून हात फिरवला की पिसं बोटाला लागतात, आणि मागे टेकून बसलं की आपल्या पाठीशी कुणीतरी आहे असं वाटतं. नव्या खुर्चीत नुसतीच पाठ टेकते.

ओनोरीन गुडघ्यांसाठी तीन आठवडे गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन आदल्या रात्री परतली होती. बघते तर बगळ्याने बदकाकडे पाठ फिरवलेली! तोंड भिंतीकडे. आणि विटून राखेसारखा झालेला तो बगळा आता लालहिरव्या वेलींत नवऱ्या मुलासारखा चमकत होता.

"अस्सल विकला आणि नकली डकवला," ओनोरीन म्हणाली.

आम्ही गेलो तेव्हा सिडोनी आपल्या बदकाला टेकून बसली होती. अंगठ्याला पट्टी, डोळे कोरडे, ओठ घट्ट.

"मादम्वाझेल, खरं काय ते सांगा," इपोलित म्हणाला.

"मला कुणाला काही सांगायचं नाही."

"मौन! म्हणजे टोळी मोठी आहे." त्याने भिंग काढलं. "अंगठ्याला जखम. पोपट चावल्याची. पोपट कोण पाळतं? खलाशी. ज्यूस्तीन, बगळा जहाजावर चढलाय!"

"आपल्याकडून समुद्र लांब आहे, इपोलित."

"म्हणूनच कुणाला संशय आला नाही."

मग गालिच्यावर लोकरीचे दोरे सापडले. त्यावरून चोर लोकरीच्या संपर्कातला आहे असं ठरलं. ओब्युसाँमध्ये एवढ्याने फक्त न्हावी सुटतो. मी तसं म्हटल्यावर त्याने न्हाव्यालाही सोडायला नकार दिला, कारण गेल्या महिन्यात त्याने इपोलितची मिशी एका बाजूला कमी केली होती.

पण नंतर तो अचानक थांबला, आणि जे बोलला ते ऐकून मीसुद्धा हबकले.

"आपले विणकर कापडाच्या मागच्या बाजूने विणतात. त्यामुळे समोर ठेवलेलं चित्र पुढून उलटं उमटतं. बरोबर? आता एखाद्या नक्कल करणाऱ्याने हा बगळा समोर ठेवून तसाच विणला. तर?"

"तर बगळा उलट्या तोंडाचा होईल," मी म्हणाले.

"आणि झालाच आहे!"

या गावात शेंबड्या पोराला पटेल असा पुरावा होता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मला नवऱ्याच्या बोलण्यात खोट सापडेना, आणि त्याचं फार वाईट वाटलं. ओनोरीनने हॅट चढवली. सिडोनीने डोळ्यांतून टिपूसही काढलं नाही. मला मात्र रडू येत होतं.

"थांबा! आता गुन्हा प्रत्यक्ष करून दाखवतो," इपोलित म्हणाला. त्याला सांगायला कोण जाणार, की सगळं संपलंय. "हा मी चोर. असा आलो, असा दमलो, असा बसलो..."

तो बगळ्यावर असा काही रेलला, की वरचे खिळे टपाटप उडाले. एक टेबलावरच्या कॉफीच्या कपात पडला. सबंध कापड सुटून त्याच्या डोक्यावरून पुढे आलं.

"दिवे कुणी घालवले? कुणी हलायचं नाही!" आतून आवाज आला.

"तुम्हीच हलू नका, मस्यू!" ओनोरीन किंचाळली.

इपोलितच्या नाकावर एक विटका, राखाडी बगळा खाली डोकं वर पाय करून उभा होता. सरळ धरला तर तोंड बदकाकडे. पंखावर वडिलांच्या पाइपने पडलेला डाग. ओनोरीनने ते कापड एकदा या बाजूने पाहिलं, एकदा त्या बाजूने. कापड एकच होतं.

"तू नुसतं उलटं लावलंस?"

"दर हिवाळ्यात रडतेस ना, बगळा पांढरा पडला, मीही पडले," सिडोनी म्हणाली. "मागच्या बाजूला ऊन लागलं नव्हतं. पणजीच्या वेळचे रंग तसेच होते. म्हटलं, तू येशील तेव्हा बघशील. तीन आठवडे मागची दोऱ्यांची टोकं कापत बसले. ठोकताना अंगठा ठेचला."

"मग काल बोलली का नाहीस, गाढवे?"

"तू विचारलंस कुठे? उंबऱ्यातूनच चोर म्हणालीस."

"म्हणजे गुन्हा कबूल!" इपोलित म्हणाला.

"गप्प बस!" "गप्प बसा!" आम्ही तिघी एकदम ओरडलो.

ओनोरीनने हॅट काढली. "चुकलं माझं," ती बदकाकडे बघत म्हणाली. मग बहिणीकडे बघत पुन्हा म्हणाली. "पण बगळा तुझ्याकडे पाठ करून बसलेला मला चालायचा नाही."

"काढते परत."

"काढायचं नाही. बदकही उलटं कर."

"मग दोघांची पाठ होईल. खुर्च्यांच्या जागा बदलाव्या लागतील." सिडोनी जरा घुटमळली. "खिडकी माझ्याकडे येईल, ओनोरीन. आणि दाराचा गारठा तुझ्याकडे. तुझे गुडघे..."

"इतकी वर्षं तो गारठा कुणी खाल्ला?"

ओनोरीन पुढे झाली, खिडकीजवळचं आपलं पायाखालचं उशीचं स्टूल उचललं आणि लंगडत दाराजवळ नेऊन ठेवलं. चोर ठरल्यावर न रडलेली सिडोनी ते स्टूल बघून ढसाढसा रडली. मीही रडून घेतलं. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली.

इपोलितने खुर्चीच्या पाठीत भरलेले घोड्याचे केस मिशीतून झटकले आणि खिशातलं घड्याळ पाहिलं.

"मादम्वाझेल आज लिमोजला जात नाहीत," त्याने जाहीर केलं.

त्याच्या आयुष्यातला तो एकमेव बरोबर निष्कर्ष, आणि तो मी लगेच मान्य केला.