पुंजाशेठ आडत्यांची बिनसुईची मोहीम

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे तीन, दुर्मतीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. संवत्सराचे नाव पंचांगकर्त्यांनी ठेविले, त्यात लेखकाचा हात नाही, हे आधीच जाहीर करितो. पिंपळगाव बसवंत येथील धान्याचे आडते, परखीबहाद्दर, राजमान्य राजश्री पुंजाशेठ यांचे देही गनीम शिरल्याचा वहीम पडिला, आणि त्याचा शोध सुईवाचून लावू गेले असता काय फजीत पावले, ती हकीकत यथास्थित लिहितो. वाचणारांनी खुशाल हसावे. साठी उलटलेल्यांनी जरा जपून हसावे.

प्रथम शेठजींचा दरारा. परखी म्हणजे टोकदार, पोकळ, लोखंडी नळी. पोत्यात खुपसावी, म्हणजे पोटातले दाणे बाहेर येतात. शेतकऱ्याने पोते झाडून आणावे, लेकराबाळांच्या शपथा वाहाव्या, आणि शेठजींनी हूं की चूं न करिता परखी चालवावी, मग भाव बोलावा. परखीवाचून एक पोते त्यांनी उंबऱ्याआत घेतले नाही. असा प्रतापी पुरुष.

त्यांस लघवीचा त्रास जाहला. धार तुटे, जळजळ होई, बैठकीतून वारंवार उठावे लागे, आणि शेठजी ते उन्हाळ्यावर ढकलीत, थंडी पडली तरी ढकलीत. अखेर कुटुंब चतुराबाई यांनी हट्टाने नाशकास द्वारका चौकाजवळील इस्पितळी नेले. तेथील डॉक्टरसाहेबांनी मागील चोरदरवाजाने एक बोट आत रवाना केले. शेठजींच्या अब्रूचा बुरूज त्याच क्षणी ढासळला. बोटाने खबर आणिली की प्रोस्टेट नामे ग्रंथीवर कठीण गाठ आहे. मग फर्मान सुटले की वहीम कॅन्सरचा आहे, सबब त्याच वाटेने सुई घालून गाठीचे तुकडे काढावे आणि तपासावे, यास बायोप्सी म्हणतात.

बोटाचा अपमान शेठजींनी कसाबसा गिळिला होता. त्याच वाटेने सुई येणार हे ऐकताच परखीबहाद्दरांच्या तोंडचे पाणी पळाले.

ते समयी मसलतीस चतुराबाईंचे बंधू रंगनाथराव हजर जाहले. हे नाशिक रोडास सरकारी नोकरीत असून, ज्यावर त्यांचे मत नाही असा विषय त्रिखंडात नव्हता. त्यांनी निर्वाळा दिला की कॅन्सरला लोखंड लावू नये, चवताळतो. सुईवाचून ओळखणारा तोच खरा डॉक्टर. शेठजींस हे ज्ञान अमृताहून गोड लागले, आणि बिनसुईची मोहीम मुक्रर जाहली.

पहिला हल्ला रक्ताचा. तपासणी साफ निघाली, रंगनाथरावांनी पेढे वाटिले. डॉक्टरसाहेबांनी पेढा खाऊन सांगितले की रक्त साफ असोनही गाठीत कॅन्सर असू शकतो. मग हाडांचा फोटो काढविला, तोही साफ. त्यावर उत्तर आले की गनीम असलाच तर हाडांपावेतो पोहोचल्याचे दिसत नाही, इतकेच. घरात आहे की नाही हे फोटो सांगत नाही. मग एका वैद्यराजांनी नाडी धरून आहे म्हणून सांगितले, दुसऱ्यांनी तीच नाडी धरून नाही म्हणून सांगितले, आणि वांगे मात्र दोघांनीही वर्ज्य केले.

अखेर रंगनाथरावांनी ब्रह्मास्त्र काढिले, की कॅन्सर आहे असेच धरून उपचार चालवावा, म्हणजे सुईचा प्रश्नच मिटला. डॉक्टरसाहेबांनी शांतपणे सांगितले की उपचार म्हणजे दोन्ही अंडकोष काढणे. नुसत्या वहिमावर काढू काय? रंगनाथराव पान थुंकून येतो म्हणाले, ते नाशिक रोडास जाऊन थुंकले.

इतक्या धामधुमीत चतुराबाई मुक्या होत्या. हा माणूस राहतो की जातो, एवढाच घोर त्यांस आतून पोखरीत होता, आणि पुरुषमंडळी पेढे वाटीत होती. घरी परतल्यावर शेठजींनी आणखी एक वैद्य सुचविताच बाईंचा बांध फुटला. त्यांचे शब्द लेखक जसेच्या तसे देतो, कारण फारशीत ते मावत नाहीत.

"अहो, लोकाचं पोतं वरून चांगलं दिसतंय म्हणून कधी सोडलं का तुम्ही? गरीब मानूस शपथा घेतो, तरी खुपसताच ना परखी? मग तुमचंच पोतं लय सोन्याचं हाय का? मला दिवस जाईना, रात जाईना. हाय तर हाय म्हना, नाय तर नाय म्हना, पन मला कळू द्या!"

शेठजी खाली मान घालून बोलले, "दुखंल का गं?"

"दुखंल," चतुराबाई म्हणाल्या. "मी बाहेर बसते."

येणेप्रमाणे खासा स्वारी द्वारकेस दाखल होऊन कुशीवर निजली. सुई शिरली आणि गाठीवर कचकन वाजली. डॉक्टरसाहेबांनी भुवया चढविल्या, निरनिराळ्या जागांचे तुकडे घेतले, ते मुंबईस धाडिले. जबाब येईतो शेठजींनी आडतीवर एकाही पोत्यास परखी लाविली नाही, आणि शेतकऱ्यांनी त्या संधीचे सोने केले, हेही नमूद असावे.

मग जबाब आला. तुकड्यांत कॅन्सर नाही. ग्रंथी सुजली आहे आणि आत बारीक खडे झाले आहेत. बोटास लागले ते तेच. सूज औषधाने उतरेल; तथापि सुईही चुकू शकते, सबब उन्हाळ्यात पुन्हा दाखवावे.

शेठजींनी श्वास सोडिला आणि जन्माच्या सवयीने विचारिले, "खडे किती टक्के?"

डॉक्टरसाहेब हसले, कंपाउंडर हसला. चतुराबाई भिंतीस टेकून उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मला भूक लागली."

तेव्हा कोठे शेठजींच्या ध्यानी आले की महिनाभर ही बाई ताटावर नुसती बसत होती.

सबब नोंद करण्यात येते की शके एकोणीसशे तीन, पौष मासी, मोहीम फत्ते जाहली. सुईवाचून कॅन्सर ओळखण्याचे यच्चावत् उपाय पराभूत जाहले. विजयोत्सवार्थ द्वारकेच्या चौकातील खाणावळीत दोन ताटे मागविली. पैकी एक चतुराबाईंनी पुरे संपविले, आणि शेठजींनी आपल्या ताटातील भाकरी त्यांचेकडे सरकविली, तीही संपविली.