सेकंदाच्या लाखाव्या भागावरचा मांडव

"मांडव हाय का न्हाई तुमचा, का सोयरीक हवेतच केली?"

माझी थोरली आत्या ओरडत होती. भर मे महिन्याची दुपार, वाटूर फाट्यापासून शेतांत शिरलेली वाट, आणि अख्खं वऱ्हाड पायी. नवरदेव मी. फेट्यातला घाम बुटांत उतरून बूट चपचप वाजत होते. क्लॅरिनेटवाल्याचे ओठ वाद्याला चिकटले, ते म्हणे अजून सुटले नाहीत.

घोळ पत्रिकेचा. माझे सासरे जालन्यात कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. पत्रिकेत त्यांनी छापलं होतं, 'मांडव फाट्यापासून सेकंदाच्या लाखाव्या भागावर.' एवढं जवळ म्हटल्यावर आमच्या मंडळींनी ट्रक फाट्यावरूनच परत पाठवला. मांडव निघाला तीन किलोमीटर आत.

सासरे, त्यांना मी मामा म्हणायचो, सायकलवर सामोरे आले. चेहरा एकदम प्रसन्न.

"बराबरच छापलंय की. उजेडाला तेवढाच वेळ लागतो."

"आम्ही काय उजेड हाव का?" आत्या म्हणाली.

"बाई, मीटर काय, मैल काय, माणसानं आपल्या सोयीनं धरलेली मापं. उजेडाचा वेग एक धरा, मंग अंतर आन् वेळ एकाच मापात बसतात. बिलकुल सोपं."

वऱ्हाड माझ्याकडं असं बघायला लागलं, जसा काही हा शोध मीच लावला. मी फेट्याचा शेमला तोंडावर ओढून घेतला.

पंगतीत त्यांच्याकडची एक म्हातारी हळहळली, "पोर गुवाहाटीला देऊन राह्यले. किती लांब!" माझी नोकरी तिकडं होती.

मामा मठ्ठ्याचा जग घेऊन तिथंच उभे. "लांब कुठं? सेकंदाचा शंभरावा भाग बी न्हाई."

पंगत हसली. आपण मामांच्या बाजूचे नाही हे सगळ्यांना कळावं म्हणून मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. मामा मात्र जग घेऊन प्रत्येक पानापुढं थांबले आणि कुणी विचारलेलं नसताना तेच सांगत गेले. शेवटी शेवटी तर मठ्ठा वाढायचंच विसरले. तेव्हा माझं हसू जरा अडकलं.

आठवड्यानं ते आम्हाला जालना स्टेशनवर पोचवायला आले. खिडकीचा गज धरून त्यांनी समोरच्या प्रवाशालाही तो शंभरावा भाग समजावला. शिट्टी झाली. माझी बायको शैला खिडकीशी वाकून वडलांना म्हणाली,

"एवढं जवळ हाय, मंग दादा, कवा येता?"

मामांनी गज सोडला.

"गाडीनं तीन दिवस लागतात," ते म्हणाले.