टकळीचं मौन

बाळांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा... थांबा, थांबा, मिटू नका! मिटलेत तर पुढचं वाचणार कोण? उघड्या डोळ्यांनीच करा. शाळा सुटलेली आहे. वरच्या मजल्यावरच्या एका वर्गात बाकं भिंतीला सरकवून ठेवलेली आहेत आणि मधल्या मोकळ्या जागेत नववीतली एक मुलगी दोन्ही हात पसरून उभी आहे. तिच्यासमोर एक सर, तेही तसेच हात पसरून उभे. बाहेरून कोणी डोकावलं असतं तर त्याला वाटलं असतं, ही दोघं मिळून एखादी न दिसणारी चादर घडी घालताहेत.

चादर कुठली? कविता होती ती!

मुलीला सगळे टकळी म्हणत. तिचं तोंड दिवसात एकदाच बंद असे, दात घासताना. आणि तेव्हाही पूर्ण नाही. सरांना सगळे हातवारे सर म्हणत. का, ते तुम्ही पाहताच आहात.

"यंदाची फिरती ढाल आपलीच!" सर म्हणाले. "लिहून ठेव! मुख्याध्यापकांच्या कपाटात तिची जागासुद्धा पुसून ठेवलीय मी."

शाळाशाळांमधल्या कवितापठणाच्या स्पर्धेची ही ढाल नावाचीच फिरती होती. गेली नऊ वर्षं ती नदीपलीकडच्या शाळेतून हललेली नव्हती. सरांना रात्री स्वप्नातही ती ढाल दिसे आणि तिच्यावर पलीकडच्या शाळेचं नाव असे.

"चल, पुन्हा. दार उघडे, म्हणजे दोन्ही हात उघडायचे. वाट रिकामी, म्हणजे उजवा हात सापासारखा पुढे सोडायचा. सांज उतरली, म्हणजे दहा बोटं सावकाश खाली."

"पण सर, बोटं खाली आणली की पाऊस पडल्यासारखं वाटतं."

"पावसाची बोटं हलतात गं! सांजेची हलत नाहीत. इतकी वर्षं शिकवतोय, एवढा फरक कळू नये?"

कविता सोळाच ओळींची होती. सरांचे हातवारे धरून ती जवळजवळ दोन मिनिटं चाले. स्पर्धेची वेळ दोन मिनिटं. बरोबर बसत होती, डबीला झाकण बसावं तशी.

ही कविता टकळीने स्वतः निवडली होती, आणि त्यामागे एक कारण होतं. तिची आई घरी शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, उशांचे अभ्रे, पडदे, जे येईल ते. आईच्या ओठांत दिवसभर टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे घरात बोलायचं काम एकट्या टकळीकडे असे आणि आईकडून फक्त "हं" आणि "अंहं" येई. हसणं तर दूरच. टाचण्या तोंडात धरून हसायचं म्हणजे जिवाशी खेळ! एकदा टकळीने वाचनालयातल्या एका फाटक्या पुस्तकातून ही कविता आईला वाचून दाखवली. पहिल्या कडव्यात घरातून कुणीतरी निघून गेलेलं. दुसऱ्यात त्याची कोपऱ्यातली जागा रिकामी. तिसऱ्यात तर कहर:

बाबा शोधत दूर निघाले,
आई खिळली दाराशी;
गेला कोठे? गेला कैसा?
बोलेना कुणी कुणाशी!

आईने शिलाई मशीन थांबवलं. डोळे भरून आले तिचे. आणि मग आलं चौथं कडवं:

तोच कपाटातून अचानक
घुर्र घुर्र ये भारी;
कोऱ्या कोटावर बाबांच्या
बोकोबांची स्वारी!

आई अशी काही हसली, की साऱ्या टाचण्या खोलीभर उडाल्या! मायलेकी अर्धा तास जमिनीवर रांगत लोहचुंबकाने टाचण्या वेचत होत्या आणि मध्येच एकमेकींकडे बघून पुन्हा हसत होत्या. टकळीने तेव्हाच ठरवलं. ही कविता भरल्या सभागृहात म्हणायची आणि शेवटच्या ओळीला सगळ्यांना असंच हसवायचं. ढाल मिळाली तर मिळाली.

पहिल्या फेरीला आई येऊ शकली नाही. शंभर सदरे द्यायचे होते. सर मात्र पहिल्या रांगेत मधोमध बसले. टकळी वर आणि ते खाली, दोघांचे हात एका दोरीला बांधल्यासारखे हलत होते. तिसरं कडवं उत्तम पार पडलं. टकळीने चौथ्यासाठी सरांकडे पाहिलं.

त्याच क्षणी सरांच्या नाकावर माशी बसली.

सरांनी नाकापुढे हात फिरवला. माशी कानावर गेली. सरांनी कान झटकला, मान खाजवली, हवेत एक टाळी मारली. टकळी गोंधळली. ही कुठली ओळ? नाक, कान, मान, टाळी... असं तर कवितेत काहीच नाही! ती आठवत राहिली आणि सभागृह बघत राहिलं. पाच सेकंद गेले. दहा गेले. डोळे दाराकडे लागलेले, ओठ थरथरताहेत. विसाव्या सेकंदाला तिला लख्ख आठवलं, "तोच कपाटातून..."

तिने तोंड उघडलं आणि टण्! शिपाईमावशींनी घंटा वाजवली. वेळ संपली. घंटा झाली की बोलायचं नाही, असा नियम होता. टकळी आल्या पावली खाली उतरली. आता ढाल गेली, सर रागावणार, आईला काय सांगू, असं सगळं तिच्या मनात एकदमच आलं.

पण सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं!

दाढीवाले मुख्य परीक्षक चष्मा काढून डोळे पुसत होते. "काय ते मौन!" ते ध्वनिक्षेपकात म्हणाले. "गेलेला माणूस परत येत नाही, हे शब्दांत सांगता आलंच नसतं. या मुलीने ते न बोलता सांगितलं. पहिला क्रमांक!"

"पण तो माणूस नाहीये," टकळी सरांच्या कानात म्हणाली. "बोका आहे."

"श्श्श!" सर ओठ न हलवता म्हणाले. "आता तो माणूस आहे."

दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा बाकं सरकली.

"सर, आता मला चौथं कडवं पक्कं आठवतंय. झोपेतून उठवलंत तरी म्हणेन."

"विसर!"

"अं?"

"काल विसरलीस ना? तशीच विसर."

"काल आपोआप विसरले होते!"

"मग आता सरावाने विसर! तिसरं कडवं संपलं की डोळे दाराकडे. खालचा ओठ जरा थरथरू दे. घंटेपर्यंत वीस सेकंद गप्प."

टकळी आणि वीस सेकंद गप्प! मांजराला दुधाची राखण सांगावी, तसलाच प्रकार. पहिल्या दिवशी ती चार सेकंदांत फुटली. दुसऱ्या दिवशी सात. सर हातात घड्याळ धरून तिच्यासमोर उभे राहत आणि ती गाल फुगवून, लाल होऊन, पाण्याखाली बुडी मारल्यासारखी उभी राहत असे. आठवड्याभरात ती विसापर्यंत पोचली आणि दुसऱ्या फेरीतही पहिली आली. तिथे तर पहिल्या रांगेतल्या एका बाईंना बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं.

मग काय विचारता! हातवारे सरांना इतर शाळांतून बोलावणी येऊ लागली. त्यांनी एक व्याख्यानच तयार केलं, "मौन : तंत्र आणि सराव". ते दीड तास चालायचं आणि त्यात ते एकदाही गप्प बसत नसत.

"सर," टकळी एकदा धीर करून म्हणाली, "लोक रडतात. पण ती हसायची कविता आहे हो."

"हसणाऱ्याला कोणी ढाल देतं का? बघितलंयस कधी?"

नव्हतं बघितलं तिने. ती गप्प बसली. आता तिला ते जमू लागलं होतं आणि त्याचीच तिला भीती वाटू लागली होती.

अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "उद्या मी येणार आहे हं. काम बाजूला ठेवलंय. ते बोकोबा ऐकायचेत मला, लोकांत बसून." आणि नुसत्या आठवणीने तिला खुदकन हसू आलं.

टकळीने हातातला घास ताटात परत ठेवला. बोकोबा नाहीत, हे आईला सांगायचं कसं?

अंतिम फेरीत टकळीचा क्रमांक बारावा होता. गुणपत्रकावर पाठांतर, आवाज, हावभाव आणि वेळ असे नेहमीचे चार रकाने होते, आणि पट्टीने आखलेला एक नवा रकाना होता. मौन, दहा गुण! झालं, आधीच्या अकराही स्पर्धकांनी आपापलं शेवटचं कडवं घरी ठेवून दिलं होतं. पहिला मुलगा आला. त्याचा नावाडी वादळात सापडला आणि तिथेच राहिला. मुलगा घंटा होईपर्यंत क्षितिजाकडे बघत होता. पाठोपाठ बाजारात एक लहान मुलगी चुकली, ती चुकलेलीच राहिली. नदीपलीकडच्या शाळेच्या मुलाची कविता आजीच्या हरवलेल्या चष्म्याची होती. तो बहुधा आजीच्या कपाळावरच सापडणार होता. पण छे! मुलगा तिसऱ्या कडव्यानंतर थांबला, त्याने छताकडे पाहिलं आणि बिचारी आजी कायमची आंधळी झाली! अर्ध्या तासात त्या व्यासपीठावर इतकी माणसं गेली, बुडाली, हरवली, की साथीच्या रोगातही जात नसतील. लोकांचे रुमाल संपले. ते बाह्यांना डोळे पुसू लागले.

"क्रमांक बारा!"

टकळी वर गेली. पहिल्या रांगेत सरांनी आज माशीच्या बंदोबस्ताला हातात वर्तमानपत्राची गुंडाळी घेतली होती. चौथ्या रांगेत आई बसली होती, ठेवणीतले कपडे घालून, पुढे झुकून. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. "बोलेना कुणी कुणाशी" आलं आणि टकळी थांबली. डोळे दाराकडे, खालचा ओठ थरथरता. सगळं अगदी शिकवल्याप्रमाणे.

एक सेकंद. दोन. सर खूश. चार. पाच. दाढीवाल्यांनी लेखणी उचलून मौनाच्या रकान्यावर धरली.

आठव्या सेकंदाला टकळीची नजर दारावरून सरकून आईवर गेली. आईचे ओठ हलत होते. लेक ओळ विसरली असं वाटून ती लांबून, घाबऱ्याघुबऱ्या, सांगू बघत होती, "कपाट! अगं, कपाट!"

टकळीने हात पाठीमागे बांधले.

"तोच कपाटातून अचानक, घुर्र घुर्र ये भारी, कोऱ्या कोटावर बाबांच्या, बोकोबांची स्वारी!"

सरांच्या हातातली गुंडाळी उलगडली. रडायच्या तयारीत असलेले दोनशे चेहरे आ वासून बघत राहिले. आणि मग चौथ्या रांगेतून आईचं हसू फुटलं. तिच्या शेजारचे गृहस्थ हसले, मग त्यांच्या मागची रांग हसली. अर्धा तास कोंडलेलं हसू ते, धरणाची दारं उघडावीत तसं सुटलं! शिपाईमावशींना तर इतकं हसू लोटलं की हातातली घंटा आपोआप वाजू लागली, टण् टण् टण् टण्! आणि ती थांबवणार कोण?

फक्त तीन परीक्षक आणि एक सर हसले नाहीत.

निकाल लागला. ढाल सलग दहाव्या वर्षी नदीपलीकडे गेली, आजीला आंधळं करणाऱ्या मुलाकडे. मग दाढीवाल्यांनी शेरे वाचले. "क्रमांक बारा. मौन, शून्य. मूळ कवितेत नसलेल्या चार ओळी स्वतःच्या पदरच्या घातल्या, सबब पाठांतराचे पाच गुण वजा."

टकळी ते फाटकं पुस्तक घेऊन थेट टेबलाशी गेली. "आहेत हो सर! ह्या बघा."

दाढीवाल्यांनी पान जवळ धरलं, लांब धरलं. चौथं कडवं वाचलं. खालचं कोटावर झोपलेल्या बोक्याचं चित्रही पाहिलं. मग पुस्तक मिटून परत दिलं.

"छपाईची चूक दिसते," ते म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत काढून टाकतील."

हातवारे सर रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटेच बसले होते. टकळी समोर येऊन उभी राहिली. आता बोलणी खायची, अशा तयारीने.

सरांनी सुस्कारा सोडला. "म्हटलंसच, तर निदान मिशा तरी दाखवायच्या होत्यास गं. हावभावाचे गुण होते तिथे!"

बाहेर पायरीवर आई वाट बघत होती. डोळे पुसत होती, पण ते हसून हसून आलेलं पाणी होतं. तिच्याशेजारी तो नावाड्याचा मुलगा सहभागाच्या प्रमाणपत्राची सुरळी करून गुडघ्यावर आपटत बसला होता.

"काय रे," टकळीने विचारलं, "तुझा तो नावाडी खरंच बुडतो का?"

"छे गं! चौथ्या कडव्यात लागतो की किनाऱ्याला. बायको पहिलं काय विचारते, तर मासे आणलेस का! आमच्या बाईंनी म्हणूच दिलं नाही."

"मग म्हण की आता."

"इथे?"

मागून ढाल काखेत मारून चष्म्याचा मुलगा आला. "मग मीपण म्हणणार," तो म्हणाला. "माझी आजी आंधळी नाहीये हो! सगळे माझ्याकडे मघापासून तिची चौकशी करताहेत."

बाजारात चुकलेली मुलगीही थांबली. हळूहळू पायऱ्यांवर पाच-सहा जण जमले.

आणि टकळीने काय केलं, ठाऊक आहे? तिने नावाड्याच्या मुलाला वरच्या पायरीवर उभं केलं, स्वतः आईला खेटून खाली बसली आणि म्हणाली, "हं, पहिल्यापासून! आणि हात खिशात घाल आधी!"