बसली का?

आमच्या शेजारचे रंगनाथकाका टीव्हीवर स्पेनचा स्वयंपाक बघायचे आणि मांस दिसलं की डोक्याचा रुमाल डोळ्यांवर ओढून घ्यायचे. गळ्यात माळ होती ना! "गेलं का ते, सुमन?" असं मला विचारायचे आणि मी "गेलं" म्हणायच्या आत एका डोळ्यानं बघूनही घ्यायचे.

आमच्या जवळा बाजार गावात तेव्हा नुकतंच केबल आलं होतं. मी शाळेत शिकवायचे, शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी टीव्ही आमच्या ताब्यात. कुठल्याशा वाहिनीवर एक गोरी बाई स्पेनच्या खेड्याखेड्यांत हिंडायची आणि तिथल्या म्हाताऱ्यांकडून त्यांचे जुने पदार्थ करून घ्यायची. बोलणं सगळं इंग्रजी. काकांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. जेवण उरकलं की ते आमच्याकडे हजर. संत्र्याच्या लाकडांवर पसरट कढईत भात रटरटायला लागला की ओरडायचे, "झाकण ठेव, बाई, झाकण!" टमाट्याचं न उकळलेलं गार सार बघून ते नाक मुरडायचे. एकदा डोंगरातल्या मेंढपाळांनी शिळ्या पावाचा चुरा लसणाच्या फोडणीत परतला, तेव्हा मात्र मांडीवर थाप पडली. "हा तर आपला कुस्करा! लई लांब गेला की!"

वाचणाऱ्याला वाटेल, काय रसिक खवय्या! कसला खवय्या. ताट भिरकावणारा माणूस. त्यांच्या पडवीतली चूल आणि आमचा ओटा यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे. लग्न होऊन मी नवीन आले होते, तेव्हा एके दुपारी पलीकडून खणखणाट झाला. मांजरानं भांडी पाडली असं समजून मी उठले, तर सासूबाई म्हणाल्या, "बस खाली. मांजर न्हाई ते, रंगनाथ जेवून राहिला."

मीठ कमी पडलं, भाकरीला चीर गेली, काहीही पुरायचं. गंगाकाकू अंगणातून ताट उचलून आणायच्या, धुवायच्या, पुन्हा वाढायच्या. काकांचं जेवण, हात धुणं, सुपारी, सगळं झालं की उरलेलं गार अन्न चुलीमागे बसून खायच्या. बायांनी मागून जेवायचं ही रीत आमच्याकडेही होती. पण आमच्याकडे ताटं जमिनीवरच राहायची.

तर त्या कार्यक्रमात शेवटी काय व्हायचं, की रांधणारी म्हातारी ॲप्रन सोडून सगळ्यांबरोबर टेबलाशी बसायची. पहिल्यांदा हे बघून काका हादरले. "आं? ही बसली! मंग वाढतं कोण?" तेवढ्यात तिच्या म्हाताऱ्यानं पळी उचलून आधी तिच्या ताटात भात वाढला. काका टीव्हीच्या आणखी जवळ सरकले.

त्या दिवसापासून त्यांचं पदार्थांवरचं लक्षच उडालं. कार्यक्रम सुरू झाला की एकच धोसरा, "बसली का?" अहो काका, अजून कांदा चिरतेय ती! मधे जाहिराती लागल्या तर जीव खालीवर. म्हातारी बसली, पहिला घास खाल्ला, की हे उठून घरी.

आणि एका दुपारी भिंतीपलीकडून गर्जना आली. "बस म्हणलं ना! माझ्याबराबर जेव!" प्रेमसुद्धा या माणसाला दरडावूनच करता येत होतं. मी ओट्यावरून बघितलं. काकू त्यांच्यासमोर ताट घेऊन बसल्या होत्या, तोंडाला पदर लावून. काकांनी स्वतःच्या हातानं भाजी वाढली, पळीभर सांडली. "खाय की! काहून बघून राहिली?" काकूंनी घास घेतला आणि त्यांना असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

मग त्या बोलल्या. इतक्या वर्षांत त्यांचा उलटा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "तुमी समोर असले का घास उतरत न्हाई मला. सारा जल्म तुमच्या हाताकडं बघत गेला. ताट कव्हा उडंल म्हणून."

मी खणखणाटाची वाट बघत राहिले. तो झालाच नाही. काका ताटावरून उठले आणि चप्पल न घालताच बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. स्वतःच्या घराकडे पाठ करून.

"तिला म्हणलो, सुमननं जेवाया बोलावलंय. तू खाऊन घे." मी काही बोलावलं नव्हतं. पण दारात आलेल्या माणसाला उपाशी कसं ठेवणार? मी ताट वाढलं. शाळेतून येऊन घाईत केलेली भाजी, मीठ घालायची साफ विसरले होते. काका मुकाट्यानं खात होते. मधेच हात थांबला.

"बघ बरं, सुमन. बसली का?"

टीव्ही तर बंद होता. मी भिंतीवरून डोकावले. चुलीपुढे गंगाकाकू मांडी घालून बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, तव्यावरची भाकरी सरळ ताटात. कुणाकडेही न बघता त्या जेवत होत्या.

"बसल्या," मी म्हणाले.

"गरम हाये का भाकर?"

"वाफ निघतेय."

काकांनी मान हलवली. वळून बघितलं नाही. मी त्या माणसाला माफ केलेलं नाही, आणि काकूंनीही केलं असेल असं मला वाटत नाही. पण माझी ती अळणी भाजी त्यांनी पुसून खाल्ली, आणि पलीकडे काकूंनी हात धुतल्याचा आवाज येईपर्यंत ते रिकाम्या ताटावर बसून राहिले.